बॅरिस्टर जॉन मेन्सा सार्बा

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात किनारा पूर्वपश्चिम पसरलेला आहे आणि अटलांटिक महासागराच्या लाटा दक्षिणेकडून येऊन त्यावर अखंड आदळत असतात. तेथे आज घाना नावाचे स्वतंत्र राष्ट्र आहे. १९५७ साली स्वातंत्र्य मिळेपर्यंत या प्रदेशाला गोल्ड कोस्ट, म्हणजे सुवर्णकिनारा, असे म्हणत असत. तेथील नद्यांच्या वाळूत आणि भूमीच्या पोटात सोने सापडे. इंग्लंडात पूर्वी 'गिनी' नावाचे सोन्याचे नाणे चालत असे. त्याला ते नाव या गिनी किनाऱ्यावरूनच मिळाले, कारण पहिल्या गिन्या येथून नेलेल्या सोन्याच्या पाडल्या होत्या. या गिन्यांचा उल्लेख पुढे एका प्रसंगात पुन्हा यावयाचा आहे.

सोन्याच्या लोभाने पोर्तुगीज, डच, डेन आणि इंग्रज हे एकामागून एक या किनाऱ्यावर उतरले व त्यांनी समुद्राला लागून किल्ले बांधले. पुढे सोन्याच्या जोडीला माणसांचा व्यापार सुरू झाला. केप कोस्टच्या किल्ल्यातील अंधाऱ्या तळघरांत माणसे कोंडून ठेवीत आणि गलबतांत भरून अमेरिकेकडे पाठवीत. इंग्रजांनी हा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद केला. त्यानंतर पामतेलाला महत्त्व आले. किनाऱ्यावर राहणारे फान्टे लोक मासेमारी, शेती आणि व्यापार यांत निष्णात होते. किल्ले परक्यांचे असले तरी त्यांखालची भूमी फान्टे राजांची होती आणि तिच्याबद्दल युरोपीय व्यापारी त्यांना भाडे देत असत. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अनोमाबू या किनाऱ्यावरील गावी ३ जून १८६४ रोजी जॉन मेन्सा सार्बा यांचा जन्म झाला. त्यांचे वडील, त्यांचेही नाव जॉनच, मोठे व्यापारी होते आणि पुढे ते गोल्ड कोस्टच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. मुलाचे प्राथमिक शिक्षण केप कोस्ट येथील वेस्ली पंथाच्या शाळेत झाले. नंतर वडिलांनी त्यांना इंग्लंडात टाँटन या गावी त्याच पंथाच्या विद्यालयात धाडले. तेथून ते १८८४ साली लंडनच्या लिंकन्स इन या संस्थेत कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाले. १८८७ साली त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. गोल्ड कोस्टच्या भूमिपुत्रांपैकी बॅरिस्टर झालेले ते पहिलेच गृहस्थ होत.

ते मायदेशी परतले आणि केप कोस्ट येथे वकिली करू लागले. पक्षकारांची रीघ लागली, पैसाही मिळू लागला. परंतु न्यायालयात रोज उभे राहताना एक विलक्षण अडचण त्यांच्या नजरेस येऊ लागली. इंग्रजांनी १८७४ साली या प्रदेशाची रीतसर वसाहत केली होती. १८७६ सालच्या कायद्याने न्यायालयांना असा आदेश होता की, देशी लोकांच्या रूढी न्यायाला आणि सदसद्विवेकाला सोडून नसतील, तर त्या मानल्या जाव्यात. कायदा चांगला होता. मात्र त्या रूढी कोठे लिहिलेल्या होत्या? कोठेच नाही. त्या वृद्धांच्या मुखी होत्या, आणि न्यायाधीश तर सातासमुद्रापलीकडून आलेला! प्रत्येक खटल्यात म्हातारी माणसे बोलावून आणावी, त्यांनी आपल्या भाषेत सांगावे, दुभाष्याने त्याचे इंग्रजी करावे, आणि त्यावर न्यायाधीशाने निर्णय द्यावा. एका खटल्यात सिद्ध झालेली रूढी दुसऱ्या खटल्यात पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागे.

यात घोटाळा कसा होई हे एका उदाहरणावरून दिसेल. फान्टे लोकांत कुळ आईकडून मोजतात. १९८५ साली कायदा बदलेपर्यंत एखादा मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची मालमत्ता त्याच्या मुलांकडे न जाता त्याच्या आईच्या कुळाकडे जात असे, आणि त्या कुळाचा वारस म्हणून बहुधा त्याचा भाऊ किंवा बहिणीचा मुलगा पुढे येत असे. इंग्रजी कायद्यात वाढलेल्या न्यायाधीशाला हे उलटेच वाटणार! पुत्र हयात असता भाचा वारस कसा, असे तो विचारणार. पण फान्टे माणसाच्या दृष्टीने यात उलटे काहीच नाही. मुलगा त्याच्या आईच्या कुळाचा, आणि त्याचा हक्क तिकडे सुरक्षित असतो. बापाला मुलास काही द्यावयाचे असेल, तर त्याने ते आपल्या हयातीत साक्षीदारांसमक्ष द्यावे, अशी सोय त्या रूढीतच केलेली आहे.

जमिनीसंबंधीच्या रूढी तर याहून सूक्ष्म होत्या. फान्टे आणि त्यांचे शेजारी इतर अकान लोक यांच्यात राजाचे आसन म्हणजे एक कोरीव लाकडी बैठक असते. मराठीत आपण 'गादी' हा शब्द जसा केवळ कापसाच्या आसनासाठी न वापरता अधिकारासाठीही वापरतो, तसाच या आसनाचा अर्थ आहे. काही जमीन गादीची असते, काही कुळाची, तर काही एखाद्याने स्वतः मिळविलेली. गादीची जमीन राजाची खाजगी मिळकत नव्हे. तो केवळ तिचा रक्षक. कुळाच्या जमिनीचेही तसेच. कुळाचा प्रमुख आणि वडीलधारी मंडळी यांची संमती असल्यावाचून ती कोणालाही विकता येत नाही. जी माणसे वारली आणि जी अजून जन्मावयाची आहेत, त्यांचाही तिच्यावर हक्क आहे अशी त्या लोकांची श्रद्धा. दुसऱ्याच्या परवानगीने एखाद्याने ती पिढ्यान्पिढ्या कसली, तरी तेवढ्याने तो मालक होत नाही.

हे सर्व लिहून काढल्यावाचून टिकणार नाही, हे सार्बांनी ओळखले. केप कोस्टच्या सुशिक्षितांत त्या वेळी इंग्रजी पोशाख, इंग्रजी नावे आणि इंग्रजी चालीरीती यांचे वेड माजले होते. त्याला आळा घालून आपल्या भाषेचा, इतिहासाचा आणि रूढींचा अभ्यास व्हावा, म्हणून १८८९ साली तेथे एक मंडळ स्थापन झाले. त्यात सार्बा अग्रभागी होते. त्यांनी वृद्धांना विचारून विचारून माहिती गोळा केली, न्यायालयांचे जुने निवाडे चाळले, आणि १८९७ साली 'फान्टी कस्टमरी लॉज' हा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध केला. विवाह, वारसा, जमीन, कर्ज, तारण, देणगी अशा विषयांवरील रूढी त्यात क्रमवार मांडल्या असून त्यांच्या पुष्टीसाठी न्यायालयांत निकालात निघालेल्या खटल्यांचे निवडक दाखले दिले आहेत. यांतील दाखल्यांचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. म्हाताऱ्याची आठवण उलटतपासणीत डळमळते. छापलेला निवाडा डळमळत नाही.

त्याच वर्षी या ज्ञानाची खरी कसोटी लागली.

गोल्ड कोस्टच्या अंतर्भागात सोन्याच्या खाणी खणण्यासाठी युरोपीय कंपन्यांची झुंबड उडाली होती. त्यांचे दलाल गावोगाव फिरत, अल्पशा रकमेवर राजांच्या सह्या घेत आणि मैलच्या मैल जमिनीचे खाणीचे हक्क पदरात पाडून घेत. कधी एकच जमीन दोन दोन कंपन्यांना दिली जाई. या अनागोंदीला आळा घातला पाहिजे, असे सरकारचे म्हणणे होते, आणि ते अगदीच खोटे होते असे नाही. परंतु सरकारने योजलेला उपाय रोगापेक्षा भयंकर होता. १८९४ साली एक विधेयक पुढे आले. त्याप्रमाणे सर्व पडीक जमिनी, अरण्ये आणि खनिजे राणीसरकारच्या मालकीची होणार होती. त्याविरुद्ध ओरड झाल्यामुळे ते मागे घेण्यात आले. नंतर सर विल्यम मॅक्सवेल हे गव्हर्नर झाले. त्यांची हयात मलायात गेली होती आणि तेथील जमीनमहसुलाचे ते जाणकार समजले जात. त्यांच्या कारकिर्दीत १८९७ साली दुसरे विधेयक आले. 'मालकी सरकारची' असे शब्द त्यात उघडपणे नव्हते. परंतु जमिनीची व्यवस्था सरकारकडे जाणार होती, आणि देशी माणसाला वसाहतवाल्याचा कायमचा वहिवाटीचा हक्क तेवढा मिळणार होता. जुन्या मराठी कागदपत्रांच्या भाषेत सांगावयाचे, तर मिरासदाराला स्वतःच्याच गावात उपरी ठरविण्याचा हा घाट होता.

लोक खवळले. त्याच वर्षी केप कोस्ट येथे भूमिपुत्रांच्या हक्कांचे रक्षण करणारी संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्ष जेकब विल्सन से हे होते. ते मुळात सुतारकाम करीत. लिहिणे-वाचणे त्यांना येत नव्हते, पण पामतेलाच्या व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळविली होती. राजे, व्यापारी, पाद्री आणि वकील एकत्र आले. विधेयकाविरुद्ध कायदेमंडळापुढे लोकांची बाजू मांडण्याचे काम सार्बांकडे आले. आणखी एक वकील त्यांच्या जोडीला होते.

'पडीक' या एका शब्दावर सार्बांचा मुख्य रोख होता. फान्टे शेतकरी जंगलाचा तुकडा तोडून तेथे मका, सुरण, केळी अशी पिके काढतो, आणि काही वर्षांनी जमिनीचा कस उतरला की तो तुकडा सोडून दुसरीकडे जातो. सोडलेल्या जागी झाडी पुन्हा वाढते, पाने कुजतात, जमीन ताजीतवानी होते. तोवर तेथून सरपण, औषधी साली, पामची फळे मिळत राहतात, शिकारही मिळते. जमीन मोजायला आलेल्या परक्या अधिकाऱ्याला ही निव्वळ ओसाड झाडी वाटते. गावकऱ्याला मात्र तेथील शीव कोणत्या ओढ्यापासून कोणत्या वृक्षापर्यंत आहे, आणि ती कोणाच्या कुळाची आहे, हे ठाऊक असते. म्हणून या देशात बेवारस म्हणावी अशी जमीनच नाही, असे प्रतिपादन करण्यात आले. दुसरा मुद्दा इतिहासाचा. इंग्रजांनी फान्टे मुलूख लढाईत जिंकलेला नव्हता. १८४४ साली फान्टे राजांनी त्यांच्याशी जो करार केला, त्यात गुन्ह्यांच्या न्यायनिवाड्यात इंग्रजांचा अधिकार मान्य केला होता. जमिनीचा त्यात शब्दही नव्हता. ज्यांनी किल्ल्यांच्या जागेचे भाडे भरले, त्यांना सगळ्या देशाची मालकी कोठून आली?

या कामाबद्दल सार्बांना चारशे गिनी मेहनताना देऊ करण्यात आला. गिनी हे नाणे तोपर्यंत चलनातून गेले होते, पण वकिलांची फी मोजण्यासाठी ते नाव राहिले होते. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा चारशे गिनी म्हणजे चारशे वीस पौंड झाले. त्या काळी ती फार मोठी रक्कम होती. सार्बांनी ती घेतली नाही. इतर खटल्यांत ते रीतसर फी घेत असत आणि त्यात त्यांना काही वावगेही वाटत नसे. पण स्वतःच्या देशाचे वकीलपत्र त्यांनी विनामूल्य चालविले.

विधेयकाचा अंतिम निर्णय लंडनला व्हावयाचा होता. १८९८ साली संस्थेने जेकब से आणि आणखी दोन प्रतिनिधी यांना तिकडे पाठविले. त्यांनी वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांची भेट घेतली. जमिनीच्या वारसाहक्काच्या बाबतीत देशी कायदाच चालेल असे आश्वासन मंत्र्यांनी दिले आणि ते विधेयक रद्द झाले. १९०० साली खाणींच्या करारांसाठी वेगळा कायदा करण्यात आला; त्याने प्रत्येक करार न्यायालयाकडून तपासून घेण्याची व्यवस्था झाली, पण जमीन लोकांचीच राहिली. कंपन्यांची लबाडी रोखण्याचा मार्ग मालकी हिरावून न घेताही सापडू शकत होता, हे त्यावरून दिसून आले.

या विजयाचे महत्त्व पुढील काही वर्षांत कळून आले. गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनींवर कोकोची झाडे लावण्यास सुरुवात केली होती. चॉकलेट याच झाडाच्या बियांपासून बनते. १९११ च्या सुमारास कोकोच्या उत्पादनात या छोट्याशा देशाने जगात पहिला क्रमांक मिळविला, आणि तो गोऱ्या मळेवाल्यांच्या बळावर नव्हे. हे कोको पिकविणारे शेतकरी तेथलेच होते.

१९०१ पासून सार्बा कायदेमंडळाचे सभासद होते. तेथे सरकारी सभासदांचेच बहुमत असे, त्यामुळे मत देऊन सरकारला हरविणे अशक्यच होते. बोलणे, प्रश्न विचारणे आणि आपला विरोध नोंदवून ठेवणे एवढेच हाती होते, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले. १९०६ साली फान्टे लोकांच्या राज्यपद्धतीवर त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मिळविलेला पैसा त्यांनी ज्या कामी लावला, ते काम शिक्षणाचे होते. टाँटन येथील विद्यालयात त्यांनी आपला दिवंगत धाकटा भाऊ जोसेफ डटन सार्बा याच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. पण विलायतेत जाणारी मुले मूठभर. बाकीच्यांनी काय करावे? देशात माध्यमिक शिक्षण अगदी तुटपुंजे होते. एकट्या श्रीमंत माणसाच्या देणगीवर चालणारी शाळा त्याच्या पश्चात बंद पडते, हे व्यापाऱ्याच्या या मुलाला पक्के ठाऊक असावे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी चक्क एक कंपनी काढली. तिचे नाव फान्टी पब्लिक स्कूल्स लिमिटेड. कंपनी म्हणजे भांडवलाचे अनेक लहान भाग करून ते अनेकांनी विकत घ्यावयाचे. 'लिमिटेड' म्हणजे मर्यादित. कंपनी बुडाली तरी भागधारकाने आपल्या भागासाठी कबूल केलेली रक्कम तेवढी जाते, त्याच्या घरादारावर कोणी जप्ती आणू शकत नाही. परदेशी कंपन्या ज्या साधनाने सोने खणीत होत्या, तेच साधन सार्बांनी शाळेसाठी वापरले.

१९०५ साली त्यांच्या प्रयत्नाने केप कोस्ट येथे म्फान्त्सिपिम ही शाळा निघाली. 'फान्टे लोकांचा सहस्रावधी समुदाय' असा त्या नावाचा अर्थ सांगतात. वेस्ली पंथाची जुनी माध्यमिक शाळा १८७६ पासून तेथे होतीच. थोड्याच दिवसांत दोन्ही शाळा एक झाल्या आणि सार्बांनी दिलेले नाव कायम राहिले. 'ड्वेन ह्वे कान', म्हणजे 'विचार करा आणि पुढे पाहा', हे शाळेचे ब्रीदवाक्यही त्यांचेच. मुख्याध्यापकांच्या वेतनात ते स्वतःच्या पैशाची भर घालीत. तरीही शाळेचे दिवस कठीणच होते. १९०७ च्या सुमारास शिक्षकच उरले नाहीत आणि शाळा बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा आठ विद्यार्थी घरी न जाता मागे राहिले आणि नवे मुख्याध्यापक येईपर्यंत त्यांनी आपले वर्ग आपणच चालू ठेवले. 'एकनिष्ठ आठ' या नावाने त्यांची आठवण ती शाळा अजून काढते. कोणत्याही शाळेच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच!

१९१० साली ब्रिटिश सरकारने सार्बांना एक सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

म्फान्त्सिपिम शाळा पुढे भरभराटीला आली. १९५४ ते १९५७ या काळात कोफी अन्नान नावाचा मुलगा तेथे शिकत होता. तोच १९९७ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस झाला. घाना विद्यापीठात लेगॉन येथे १९६३ साली उघडलेल्या एका वसतिगृहाला मेन्सा सार्बा यांचे नाव आहे. जमिनीचा किंवा वारशाचा तंटा न्यायालयात आला की घानातील वकील आजही त्यांच्या ग्रंथाचा आधार घेतात. १९९२ साली घाना राष्ट्राने जी राज्यघटना स्वीकारली, तीत खनिजे राष्ट्राच्या वतीने राष्ट्राध्यक्षांच्या स्वाधीन केलेली आहेत. परंतु गादीच्या जमिनी त्या त्या गादीकडे, तिच्या प्रजेच्या वतीने विश्वस्त म्हणून, राहतील असे स्वतंत्र कलम आहे. केप कोस्टच्या आसपास आज कोणाला कुळाची जमीन घ्यावयाची असेल, तर त्याला प्रथम त्या कुळाच्या प्रमुखाकडे आणि वडीलधाऱ्या मंडळींकडेच जावे लागते.